नांदगावात न उगवणारं झाड

नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन आहे. धुऱ्यावर बाभूळ, हिवर, कडुनिंब आणि पळस आहे. जुनिपर नाही. नांदगावच काय, चिखलदऱ्याच्या अकराशे मीटर उंचीवरही ते आपणहून उगवत नाही. चीड, देवदार, जुनिपर या सूचिपर्णी मंडळींपैकी महाराष्ट्राचं मूळचं असं एकही झाड नाही. ती सगळी थंड मुलखातली. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथं त्यांचा निभाव लागायचा नाही. रोपवाटिकेतून 'जुनिपर' म्हणून जे कुंडीतलं रोप मिळतं ते बहुधा चिनी जातीचं असतं, आणि सावलीत ठेवून, रोज पाणी घालूनही वैशाखात ते बुडाकडून तपकिरी पडत जातं.

तरीही वऱ्हाडातल्या माणसाची जुनिपरशी गाठ पडते. फक्त समोर आलेलं जुनिपर आहे हे त्याला कळत नाही, कारण ते दरवेळी दुसऱ्याच नावानं आलेलं असतं. काष्ठौषधीच्या पुडीत त्याचं नाव एक, रक्त तपासायच्या टेबलावर दुसरं, गोव्याहून आलेल्या बाटलीवर तिसरं. झाड हलत नाही, नावं हिंडतात. कुठल्या नावामागं काय दडलंय हे पाहायचं तर सुरुवात झाडापासून नव्हे, नाव ठेवण्याच्या रीतीपासूनच करायला हवी.

नुसतं 'नांदगाव' म्हणून भागत नाही. अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागलं की नांदगाव पेठ लागतं. नाशिक जिल्ह्यात तालुक्याचं नांदगाव आहे. बाकी लहानसहान नांदगावं मोजायचीच नाहीत. एसटीत नुसतं 'एक नांदगाव द्या' म्हटलं तर कंडक्टर 'कोणतं?' असं विचारणारच. म्हणून आपल्या नांदगावाला तिथल्या यादवकालीन खंडेश्वराच्या देवळाची ओळख कायमची चिकटली. पहिला शब्द अनेकांचा, दुसरा त्या एकट्याचा. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ साली 'स्पेसीज प्लांटारम' या ग्रंथात जगातल्या तोवर ठाऊक असलेल्या झाडाझुडपांसाठी हेच केलं. त्याआधी विद्वान मंडळी एकेका झाडाला लॅटिनमधलं आठ-दहा शब्दांचं वर्णन चिकटवत असत. लिनियसनं ते दोन शब्दांवर आणलं. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा.

जुनिपेरस ही प्रजाती. तिच्यात साठएक जाती आहेत. त्यातली सगळ्यांत पसरलेली ती जुनिपेरस कम्युनिस. कम्युनिस म्हणजे सर्वसाधारण, जिकडे तिकडे असणारी. हे नाव अगदी सार्थ आहे. उत्तर अमेरिका, युरोप, आशिया, म्हणजे उत्तर गोलार्धाचा जवळजवळ सगळा थंड पट्टा तिनं व्यापलाय. दुसरं कुठलंही सूचिपर्णी झाड इतकं दूरवर गेलेलं नाही. काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या हिमालयात ती आहे, पण तिथं तिला झाड म्हणणं जड जातं. बर्फाच्या ओझ्याखाली ती जमिनीसरपट पसरते आणि गुडघ्याएवढ्या काटेरी झुडपाच्या वर जात नाही. तिच्या शेजारीच जुनिपेरस इंडिका, जुनिपेरस रिकर्वा, जुनिपेरस स्क्वामाटा अशा बहिणी नांदतात. दुसरा शब्द नसता तर हिमालयातल्या वनाधिकाऱ्याची गत आपल्या कंडक्टरसारखीच झाली असती.

लडाखमध्ये तर हा दुसरा शब्द खुद्द जुनिपरच झालाय. हेमिस म्हटलं की प्रवासी कंपन्यांच्या पत्रकातला तो मोठा गोम्पा डोळ्यांसमोर येतो. पण लेहच्या पश्चिमेला आणखी एक हेमिस आहे, ते हेमिस शुक्पाचन. लडाखी भाषेत शुक्पा म्हणजे जुनिपर. शुक्पाचन म्हणजे जिथं ते आहे असं ठिकाण. गावालगत जुन्या जुनिपर वृक्षांची राई आहे, आणि ती पवित्र मानतात. इथलं जुनिपर सरपटणारं नाही, चांगला बुंधा धरलेलं झाड आहे. लडाखी घरात सकाळी शुक्पाची वाळकी डहाळी निखाऱ्यावर ठेवून धूर करतात. नेपाळात काही जुनिपरांना धुपी म्हणतात ते याच कामावरून. आपल्याकडं मेळघाटातल्या सालईचा डिंक हे काम करतो. दोन नांदगावांतला फरक सांगायला वऱ्हाडानं देव घेतला, दोन हेमिसांतला फरक सांगायला लडाखनं झाड घेतलं. तिथं झाडालाच देवाचा मान असल्यामुळं रीत फारशी वेगळी नाही असंही म्हणता येईल.

आता पुडीकडं वळू. अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या बाजारात अजून काष्ठौषधीची दुकानं टिकून आहेत. पोती, डबे, वर्तमानपत्राच्या पुड्या, आणि ओवा, वावडिंग, ज्येष्ठमध यांचा मिळून झालेला एक कोरडा वास. 'हाऊबेर आहे का?' म्हणून विचारलं तर गल्ल्यावरचा माणूस मान वरही न करता म्हणतो, "हाय ना भाऊ. कायले पायजे?" आणि कुठून येतं म्हणून विचारलं तर, "इकडचं नोय थे. पहाडातून येते."

पुडीत निघतात त्या वाटाण्याएवढ्या, काळपट जांभळ्या, सुरकुतलेल्या गोळ्या. ताज्या फळावर द्राक्षावर असतो तसा निळसर मेणाचा हात फिरलेला असतो, पण पोत्यात घासून घासून तो इथं येईतो गेलेला असतो. एक गोळी चिमटीत धरून तिचा माथा उजेडात पाहावा. तिथं तीन बारीक रेषा एका बिंदूत मिळालेल्या दिसतात, तीन टोकांच्या चांदणीसारख्या. हीच खरी ओळख. दुकानदार दुसरंच काही देत असेल तर ही चांदणी दिसणार नाही. नखानं दाबलं की आत भुरकट, चिकट गर आणि त्यात टणक बिया, बहुधा तीन. बोटांना राळ लागते. वास प्रथम टर्पेंटाइनचा, मग कापराचा, आणि जरा थांबलं तर मागून लिंबाच्या सालीचा. यामागं पायनिन, लिमोनिन यांसारखी उडती तेलं आहेत. जुन्या मालात हा वास जवळजवळ मेलेला असतो. तो माल घेऊन उपयोग नाही.

हाऊबेर हे व्यापाराचं नाव, हिंदीतून आलेलं. त्यातलं बेर म्हणजे बोर. आकार तेवढा पाहिला तर म्हणायला हरकत नाही, पण बोराशी त्याचं दूरचंही नातं नाही. हकीम याला अबहल म्हणतो. मराठी निघंटूंत होशा असं नाव भेटतं. हाऊ आणि होशा या दोन्हींच्या तळाशी एकच संस्कृत शब्द दिसतो, हपुषा. जिभेवर झिजत झिजत 'प'चा उच्चार विरघळला आणि उत्तरेत एक रूप उरलं, इकडं दुसरं.

हपुषेचा खुद्द अर्थ काय, यावर फार वेळ घालवण्यात राम नाही. तिची बाकीची नावं जास्त बोलकी आहेत. संस्कृत निघंटूकारांची रीत अशी की एका औषधीला एक नाव देऊन ते थांबत नाहीत. दिसण्याचं एक, वासाचं एक, कामाचं एक अशी नावांची माळच लावतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रानं हपुषेला दिलेली नावं पाहा. अश्वत्थफला, म्हणजे पिंपळाच्या फळासारखं फळ असलेली. हे निरीक्षण चोख आहे. पिकलेलं पिंपळफळ आणि पिकलेलं जुनिपर शेजारी ठेवली तर आकार आणि रंग दोन्ही जुळतात. मत्स्यगंधा आणि विस्रा, म्हणजे माशासारख्या, कच्च्या मांसासारख्या वासाची. विषघ्नी, विष मारणारी. ध्वांक्षनाशिनी, कावळ्यांचा नाश करणारी. कावळ्यांनी हिचं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक. आणि प्लीहहंत्री, म्हणजे प्लीहेचा, आपल्या बोलीत पानथरीचा, विकार मारणारी.

यातलं मत्स्यगंधा मात्र खटकतं. जुनिपरचा वास हुंगून मासळी आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय. भावमिश्रालाही बहुधा हे ठाऊक असावं, कारण त्यानं हपुषा दोन प्रकारची सांगितली आहे. एक मासळीच्या वासाची, दुसरी पिंपळफळासारखी. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच एका नावाखाली दोन वस्तू बाजारात होत्या. हा घोळ आजही पुरता मिटलेला नाही. केरळातल्या वैद्यपरंपरेत हपुषा म्हणून जी वनस्पती वापरतात ती जुनिपर नव्हेच, ती आपली गोरखमुंडी. हो, तीच. तळ्याकाठी, ओल धरणाऱ्या शेतात पाणी ओसरल्यावर जमिनीलगत पसरणारी, जांभळ्या गेंदांची, चुरगळली की उग्र दरवळणारी. ही वऱ्हाडातही सर्रास उगवते. हिमालय कुठं आणि केरळ कुठं. तीन हजार किलोमीटरवरून फळ आणण्यापेक्षा तिथल्या वैद्यांनी गुणानं जवळचं वाटलं ते बांधावरून उचललं असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

पण चूर्ण बनवणाऱ्याची पंचाईत होते. नारायण चूर्णात हपुषा आहे, हिंग्वादी चूर्णात हपुषा आहे. पाठ एकच, आणि कोचीत भरलेल्या डबीत एक वनस्पती, दिल्लीत भरलेल्या डबीत दुसरी. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधिकोशात हपुषेपुढं जुनिपेरस कम्युनिसचं फळ असं स्पष्ट लिहिलंय ते याचसाठी. तेवढ्यानंही सगळं निस्तरत नाही, कारण हिमालयातून खाली येणाऱ्या पोत्यात इंडिका, रिकर्वा या बहिणींची फळंही मिसळलेली असतात. त्यांच्यात बी एकच असतं. तीन बिया मोजायची सवय इथं कामी येते.

एक सांगून ठेवलं पाहिजे. हाऊबेर लघवी साफ करतं म्हणून घरगुती काढ्यात टाकायची पद्धत आहे. पण गरोदर बाईनं ते घेऊ नये, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानं तर त्याच्या वाट्यालाही जाऊ नये. याच प्रजातीतली जुनिपेरस सबिना ही युरोपातली जात विषारी आहे, आणि गर्भ पाडायला ती वापरल्याच्या नोंदी फार जुन्या आहेत.

फळ, फळ असं इथवर म्हटलं खरं, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते फळच नाही. जुनिपर हे फूल न येणाऱ्या झाडांतलं आहे. फूल नाही तर फळ कुठून येणार? ही गोळी म्हणजे एक शंकू. चिडाच्या झाडाखाली जे लाकडी शंकू पडलेले असतात, त्यातलाच हा प्रकार. हे पटायला हिमालयात जायची गरज नाही. वऱ्हाडातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शाळेच्या आवारात, तहसील कचेरीच्या बागेत मोरपंखीचं एखादं झाड असतं. चपट्या, उभ्या पंख्यांसारख्या फांद्यांचं, मूळचं चीनकडचं. पोरं त्याला 'विद्या' म्हणतात. त्याचं पान वहीत ठेवलं की अभ्यास येतो असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि परीक्षेच्या आठवड्यात त्या बिचाऱ्या झाडाची खालची बाजू पार ओरबाडली जाते. मोरपंखी आणि जुनिपर एकाच कुळातली. मोरपंखीचं बोंड तोडून पाहा. कोवळं असताना निळसर हिरवं, मांसल, प्रत्येक खवल्याला वाकडं शिंग. वाळलं की खवले लाकडी होऊन फाकतात आणि बिया खाली पडतात. जुनिपरनं एवढंच केलं की आपले तीन खवले फाकूच दिले नाहीत. ते मांसल ठेवले, एकमेकांना चिकटवले आणि गोळी बंद केली. माथ्यावरची ती तीन टोकांची चांदणी म्हणजे तीन खवल्यांची शिवण.

असं का केलं, याचं उत्तर पाखरांकडं आहे. उघड्या शंकूतलं बी वाऱ्यावर जातं, झाडापासून थोड्या अंतरावर पडतं. मांसल गोळी पाखरू गिळतं, आणि बी त्याच्या विष्ठेतून दूर कुठं तरी डोंगरापलीकडं पडतं. जुनिपेरस कम्युनिस तीन खंडांत पसरली त्यात या युक्तीचा मोठा हात आहे. घाई मात्र तिला नाही. गोळी हिरवी असते ती पिकून जांभळी व्हायला दोन-दोन वर्षं लागतात. त्यामुळं एकाच डहाळीवर या वर्षीच्या हिरव्या आणि आधीच्या हंगामातल्या काळ्या गोळ्या शेजारी शेजारी दिसतात. शिवाय नर आणि मादी झाडं वेगळी. नराला पिवळट परागशंकू येतात, गोळी कधीच येत नाही.

संस्कृत नावं इतकी सढळ अर्थ सांगतात, तर लॅटिन नाव काय सांगतं? इथं जरा निराशा होते. इउनिपेरुस हा शब्द रोमन लेखकांच्या आधीपासून चालत आलेला आहे. लिनियसनं तो बनवला नाही, नुसता उचलला. त्याचा उगम पक्का लागत नाही. त्यामुळं गोष्टी रचायला रान मोकळं मिळालं. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर यानं शब्दांच्या व्युत्पत्तींचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की हे नाव ग्रीक 'पीर', म्हणजे अग्नी, यावरून आलं. कारण झाड ज्वाळेसारखं खाली रुंद, वर निमुळतं असतं, किंवा जुनिपरच्या राखेखाली निखारा झाकून ठेवला तर तो वर्षभर विझत नाही. वर्षभर! पुढच्यांनी आणखी एक व्युत्पत्ती काढली. तरुण आणि प्रसवणं या अर्थाचे दोन लॅटिन शब्द जोडले, आणि सदाहरित झाड म्हणून 'तारुण्य प्रसवणारं' असा अर्थ केला. हा अर्थ आजही रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत आणि बाळांच्या नावांच्या पुस्तकांत ठासून सांगितला जातो. आणखी काहींनी लव्हाळ्याच्या लॅटिन नावाशी नातं जोडलं, कारण चिवट डहाळ्या बांधायला उपयोगी. हा तर्क निदान पायावर उभा आहे; पहिल्या दोनांवर भाषेचे अभ्यासक फारसे विसंबत नाहीत.

आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. अमरावती हे नाव उंबराच्या झाडांवरून पडलं, उदुंबरावतीची उंबरावती आणि तिची अमरावती झाली, ही कथा आपण कौतुकानं सांगतोच. नाव आधी येतं आणि त्याची गोष्ट मागाहून, हा क्रम सगळीकडं सारखा आहे.

गोष्ट खरी नसली तरी लोक त्या नावाशी खेळायचे थांबत नाहीत. इटालियनमध्ये जुनिपरला जिनेप्रो म्हणतात. लिओनार्दो दा व्हिंचीनं १४७५च्या आसपास फ्लॉरेन्समधल्या एका तरुणीचं चित्र काढलं. तिचं नाव जिनेव्रा दे बेंची. चित्रात तिच्या फिकट चेहऱ्यामागं सगळी जागा एका गर्द, टोकदार झुडपानं भरली आहे. ते झुडूप म्हणजे जुनिपर. जिनेव्राच्या मागं जिनेप्रो. चित्राच्या पाठीवरही त्यानं जुनिपरची डहाळी रंगवली, एका बाजूला लॉरेलची फांदी, दुसऱ्या बाजूला ताडाची. १९६७ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं हे चित्र विकत घेतलं. अमेरिकेत लोकांना पाहता येईल असं लिओनार्दोचं रंगचित्र हे एवढंच.

हाच शब्द फ्रेंचमध्ये जनिएव्हर, डचमध्ये येनेव्हर झाला. डच लोक धान्याच्या दारूत जुनिपरच्या गोळ्या घालत, म्हणून त्या दारूचंही नाव येनेव्हर. इंग्रज सैनिकांनी ती नेदरलँड्समध्ये चाखली, आणि नाव त्यांच्या जिभेवर 'जिनिव्हा' झालं. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराचा यात काडीचाही संबंध नाही. पुढं जिनिव्हाचंही ओझं वाटून त्यांनी शेपूट तोडली, उरलं 'जिन'. अठराव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांत या स्वस्त दारूनं असा हैदोस घातला की १७५१ साली संसदेला तिच्यावर कायदा करावा लागला. जिनचं जिनपण आजही जुनिपरमध्येच आहे. बाकी काहीही घाला, जुनिपरची चव वरचढ नसेल तर तिला जिन म्हणता येत नाही, असा नियमच आहे.

ही जिन इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आली आणि क्विनाइनला भेटली. हिवतापावरचं कडूजहर क्विनाइन घशाखाली उतरवायला साखर, सोडा, लिंबू आणि जिन. टॉनिक वॉटरचं पेटंट १८५८ सालचं आहे. आता प्लीहहंत्री हे नाव आठवा. हिवताप वारंवार झाला की पानथरी वाढते. मेळघाटात आणि सातपुड्याच्या पायथ्याला हे दुखणं पिढ्यांनी भोगलंय. संस्कृतात पानथरीचं औषध म्हणून नाव मिळालेली वनस्पती इंग्रजाच्या पेल्यात हिवतापाच्या औषधाशेजारी जाऊन बसली. योगायोग मोठा मजेचा आहे, पण तो योगायोगच. पेल्यात काम करत होतं ते क्विनाइन. जुनिपर होतं ते चवीपुरतं.

हिवतापाच्या लढाईत जुनिपरनं खरं काम केलं ते वेगळ्याच जागी. रक्ताच्या थेंबातला हिवतापाचा परजीवी पाहायचा तर सूक्ष्मदर्शकाचं सर्वांत जास्त शक्तीचं भिंग लावावं लागतं, आणि ते भिंग व काच यांच्यामध्ये हवा राहिली तर चित्र पुसट येतं. म्हणून मध्ये तेलाचा एक थेंब सोडतात. हे तेल असं हवं की त्यातून प्रकाश काचेतून जावा तसाच, न वाकता जावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढं कित्येक दशकं हे काम सिडारवुड तेलानं केलं. जुन्या मंडळींना प्रयोगशाळेतली ती तपकिरी बाटली आणि शेवटी भिंग झायलीननं पुसायचा तो कटकटीचा उद्योग आठवत असेल. नावात सिडार असलं तरी हे तेल यायचं जुनिपेरस व्हर्जिनियानाच्या लाकडातून. अमेरिकेत पूर्वेकडं वाढणाऱ्या या मोठ्या जुनिपरला तिथले लोक लाल सिडार म्हणतात. म्हणजे नाव देवदाराच्या घराण्याचं, झाड जुनिपरच्या. आता कृत्रिम तेलं आली आणि ही बाटली मागं पडली.

याच लाल सिडारच्या पेन्सिली एकेकाळी जगभर जात. लाकूड मऊ, सरळ धाग्याचं, पात्यानं तासलं तर चिरफळी न उडता गोल साल निघणारं, आणि वासाला गोड. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेनं हे वृक्ष इतके तोडले की विसाव्याच्या सुरुवातीला कारखानदार जुन्या कुंपणांचे खांबसुद्धा विकत घेऊ लागले. मग ते कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका झाडाकडं वळले. भारतीय पेन्सिल आज बहुतांश पॉप्लरची असते, आणि तिच्या पट्ट्या काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातून येतात. तेव्हा नांदगावच्या पोराच्या वहीत जुनिपरच्या भावकीतलं पान असलं तरी पेन्सिलीत आता जुनिपर नाही.

उरली गोव्याची बाटली. २०१७नंतर गोव्यात छोट्या जिन-भट्ट्यांची लाटच आली. त्यातल्या नाओ स्पिरिट्स या कंपनीनं २०१८ साली एक जिन काढली आणि तिचं नाव ठेवलं 'हपुसा'. निघंटूतला हपुषा शब्द, उच्चार जरा सैल केलेला, सरळ लेबलावर. आत हिमालयातलं जुनिपर, सोबत हळद, आंबा, गंधराज लिंबू अशी देशी मंडळी. नाव जुळवण्यापेक्षा जुनिपर हिमालयातलं घेणं हे मला जास्त मोलाचं वाटतं, कारण भारतात बनणाऱ्या इतर बऱ्याच जिनमधलं जुनिपर युरोपातून येतं, विशेषतः बाल्कन भागातून. गोव्यात काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. पण तो तिथल्या डोंगरांवर असा रुजला की काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जुनिपर मात्र या देशाचंच, चरकसंहितेपासून ओळखीचं, आणि तेच परदेशातून मागवावं लागतं.

कारण साधं आहे. बाल्कनमध्ये आणि इटलीच्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं ही गोळी वेचणारी माणसं आणि ती विकत घेणारे व्यापारी यांची घडी बसलेली आहे. झुडपाखाली टोपली धरायची आणि फांदीला काठीचा हलका फटका द्यायचा. पिकलेली गोळी सुटते, हिरवी धरून राहते. मग चाळायचं, जातीची खात्री करायची, तेलाचं प्रमाण पाहून दर ठरवायचा. हिमालयात काष्ठौषधीच्या व्यापाराला एवढी चोखंदळ निवड कधी लागली नाही. चूर्णात जाणारी गोळी नव्या-जुन्याच्या, या बहिणीच्या-त्या बहिणीच्या मिसळीतूनच पोत्यात भरली गेली. जिनला ते चालत नाही, कारण एका पोत्यात वास बदलला तर सगळ्या बाटल्यांची चव बदलते. आणि लागवड करून पीक घ्यावं तर झुडूप सावकाश वाढतं, गोळी पिकायला दोन वर्षं, त्यातही निम्मी झाडं नर निघायची. त्यामुळं जुनिपर आजही जगभर रानातूनच वेचलं जातं, आणि परकोटाच्या आतल्या त्या दुकानात येणारं पोतंही हिमालयाच्या रानातूनच उतरतं.